कोजोकाकांची दारं

आमच्या ब्रॅकनेलच्या घरात एक दार आहे, ते कुठेच उघडत नाही. सोफ्याच्या मागे भिंतीला टेकून उभं असतं. जुन्या लाकडाचं, चांगलं जाडजूड, एका कडेला जळून काळं पडलेलं. हवा दमट असली की अजूनही त्याला धुराचा वास येतो. त्यावर माणसाच्या उंचीची एक बाई रंगवलेली आहे. निळा कुर्ता, वर ऑफिसचं करडं कार्डिगन, उजव्या हातात पेन. हात असे की करंगळीवरचा कुकरने भाजल्याचा डागसुद्धा दिसावा. मानेच्या वर मात्र काही नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता गेरूसारखा लाल रंग.

घरी आलेले मराठी पाहुणे आधी चहा घेतात, मग घसा खाकरून विचारतात, "हे असं मुद्दाम ठेवलंय का? मॉडर्न आर्ट वगैरे?" मी सांगते, "चित्रकार गावी गेला, राहून गेलं." हे खोटं नाही, पण खरंही नाही. तीन वर्षं तेच वाक्य बोलून आता मला त्याचा वीट आला आहे, म्हणून एकदाचं कोजोकाकांबद्दल लिहून टाकते.

कोजोकाका मँचेस्टरला आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे घानातल्या कुमासी शहराचे. वय साठ-बासष्ट, अंगकाठी किडकिडीत, खांदे मात्र हमालाचे. सोमवारी जन्मले म्हणून कोजो. आमच्या विदर्भात सोम्या-मंगळ्या-बुध्या असतात तसंच. हे मी सांगितल्यावर त्यांनी मला सातही वारांची नावं म्हणून दाखवली आणि माझा वार विचारला. मला माहीत नव्हता. "आईने सांगितलाच नाही?" म्हणाले, आणि अर्धवट भरलेल्या फॉर्मकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. आम्ही बोलायचो अर्थातच इंग्रजीत. पण मला ते मराठीतच आठवतात, आणि त्यांच्यासाठीच्या 'यू'चं मी मनात कायम 'तुम्ही'च केलं.

त्यांची पहिली ओळख म्हणजे टकटक. कुठलीही वस्तू दिसली की बोटाच्या पेराने तिच्यावर दोनदा वाजवायचं आणि मान तिरपी करून ऐकायचं. बाजारातलं कलिंगड, बसस्टॉपचा पत्रा, ट्रामची काच, काही सुटत नसे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा डायनिंग टेबलावर वाजवून म्हणाले, "भुसा दाबून केलंय. वर नुसतं लाकडाचं चित्र." निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते टेबल 'सॉलिड ओक' म्हणून घेतलं होतं. तो आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलला नाही.

दारावर मात्र ते नुसतं वाजवत नसत. त्यांच्याकडे कुणाच्या घरी गेलं की बाहेरूनच 'अगोऽ' अशी हाक द्यायची, म्हणजे 'येऊ का?' आतून 'अमेऽ' आलं तरच पाऊल टाकायचं. हे त्यांनी आमच्या सगळ्या मजल्याला शिकवलं होतं. टोकाच्या फ्लॅटमधली डोरीन, चौऱ्याऐंशी वर्षांची एकटी इंग्रज बाई, आतून खणखणीत आवाजात "अमे, लव्ह!" म्हणायची. ब्लेसिंग ही रात्रपाळीची नर्स दिवसा झोपेत असली तरी अर्ध्या झोपेत 'अमे' म्हणायची. माझ्या सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या; त्यांचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपायचं, पण पोळी लाटता लाटता त्याही "अमे, अमे, या बसा" म्हणायच्या. उत्तर आलं नाही तर दार सताड उघडं असलं तरी कोजोकाका आत येत नसत. एकदा मी बाल्कनीत फोनवर होते, तर हे दहा मिनिटं बाहेर उभे. मी म्हटलं, "अहो, दार उघडंच होतं ना!" तर म्हणाले, "दार उघडं होतं. तुम्ही कुठे होतात?"

धंदा विचारला तर ते 'पेंटर' सांगायचे, आणि लोकांना वाटायचं भिंती रंगवतात. तो गैरसमज त्यांनी कधी दूर केला नाही. कुमासीला ते लहान वयात एका बोर्ड रंगवणाऱ्या उस्तादाकडे शिकायला राहिले. आधी न्हाव्याच्या दुकानांच्या पाट्या, त्यावर केस कापलेली डोकी. मग मयतीचे फलक. तिकडे माणूस गेला की त्याचं मोठं चित्र चौकात लावतात. घरचे लोक पासपोर्टच्या फोटोएवढा फोटो घेऊन यायचे आणि त्यातून हे पूर्ण माणूस उभा करायचे. "फोटोत चेहरा असतो, हात नसतात," ते सांगायचे. "म्हणून मी रडत आलेल्या भावाचे, मुलीचे हात बघून घ्यायचो. हात घराण्यात फिरतात." तेव्हापासून हात आधी आणि चेहरा शेवटी, ही त्यांची पद्धत झाली. इंग्लंडला आल्यावर वीस वर्षं ऑफिसं साफ करण्यात गेली. "ह्या देशात मला आधी दारं कळली, माणसं नंतर," असं म्हणायचे. गुडघे गेल्यावर साफसफाई सुटली आणि पुन्हा ब्रश हातात आला, तेव्हा कॅनव्हास त्यांना पटेना. कॅनव्हासवर वाजवलं तर काही ऐकूच येत नाही, ही त्यांची तक्रार.

म्हणून ते दारांवर रंगवायचे. जुनी घरं दुरुस्त करताना लोक जुनी दारं बाहेरच्या लोखंडी पेटाऱ्यात टाकतात. त्या पेटाऱ्याला इथे स्किप म्हणतात. तिथून उचललेलं दार डोक्यावर घेऊन कोजोकाका रस्त्याने चालत यायचे. डोक्यावर कापडाची गुंडाळी. माझ्या सासूबाईंनी हे बाल्कनीतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आनंदाने ओरडल्याच, "अगं मेधा, हा बघ, चुंबळ करून चाललाय!" त्या दिवसापासून त्यांनी कोजोकाकांना आपला ठेचा लागू केला. ते डोळ्यांत पाण्याचा टिपूस न आणता तो खायचे आणि बदल्यात सुक्या मासळीची काळी चटणी पाठवायचे. ती सासूबाई नाक मुरडून माझ्याकडे सरकवायच्या आणि मी वरणभाताबरोबर चाटूनपुसून संपवायची.

आणलेलं दार ते आंघोळीच्या टबात उभं करून धुवायचे. घासून झालं की सगळ्यावर लाल रंगाचा एक हात. "आमच्या गावची माती," म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, "गेरूने सारवतोय." मग खडूच्या पुडीत बुडवलेली दोरी ताणून टणत्कार करत सोडायची, की दारावर सरळ रेघ उमटे. अशा रेघांचे चौकोन, आणि त्या चौकोनांत माणूस. रंग साधे, दुकानात दारं-खिडक्यांना मिळतात तेच चकचकीत ऑइलपेंट. हात कापू नये म्हणून मनगटाखाली स्नूकरची एक मोडकी काठी टेकवायची. कुलपाचं भोक, टपालाची फट, कडीचे व्रण, यांतलं काही बुजवायचं नाही. भोकाच्या जागी कुणाच्या शर्टाचं बटण यायचं, फटीच्या जागी एप्रनचा खिसा. रंगवायची ती माणसं सगळी आसपासची: ब्लेसिंग, खालच्या मजल्यावरचा डिलिव्हरीवाला, म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या केअरर बायका. सगळ्यांची तोंडं मिटलेली, सगळी उभी, दारापाशी येऊन हाक दिली आहे आणि आतल्या उत्तराची वाट बघताहेत अशी.

त्यांचा हॉल अशा दारांनी भरलेला असायचा आणि पडदे कायम ओढलेले. एकदा गॅसच्या तपासणीचा माणूस आला. दिवा लावायच्या आत त्याला अंधारात आठ-दहा माणसं भिंतीला लागून उभी दिसली. तो बिचारा "सॉरी, पुन्हा येतो, तुमची मीटिंग चालू आहे," म्हणून परत फिरला. हे सांगताना कोजोकाका गुडघ्यावर हात मारून हसायचे. मी हसायची, पण त्या हॉलमध्ये एकटीने थांबायला मला कधीच आवडलं नाही. उत्तर न मिळालेली इतकी माणसं एका जागी बघितली की मी आधी दिवा लावायची.

लंडनच्या एका गॅलरीची बाई एकदा त्यांचं काम बघायला आली. तिला चार दारं फार आवडली, पण गॅलरीच्या छताला ती सहा इंच जास्त होत होती. खालून कापली तर चालेल का, असं तिने फार गोड आवाजात विचारलं. कोजोकाका म्हणाले, "चालेल. पाय मी घरी ठेवून घेतो, त्यांना कुठे चालत जायचं झालं तर तुम्ही धरून न्या." बाई गेली. मी म्हटलं, "अहो, चांगली संधी घालवलीत." ते म्हणाले, "कापलेलं दार बंद होत नाही, सिस्टर मेधा. खालून वारा येतो." त्यांच्या लेखी ते चित्र झाल्यावरही दारच होतं.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी माझी नोकरी सांगायला हवी. बिल्डिंगी सांभाळणाऱ्या एका कंपनीत मी कम्प्लायन्सला होते, म्हणजे सगळं नियमाप्रमाणे आहे ना, ते कागदावर बघायचं. आमची बिल्डिंगही त्याच कंपनीकडे होती. शेजारी मी हे बोलायची नाही, कारण एकदा कळलं की लोक बाथरूमची गळती घेऊन घरी येतात. त्या उन्हाळ्यात कंपनीने सगळ्या फ्लॅटची पुढची दारं बदलायला काढली. आग लागली तर अर्धा तास ती अडवून धरतील अशी नवी दारं बसवायची होती. काम झाल्यावर कंत्राटदाराने प्रत्येक दाराचा फोटो पाठवला. मी प्रत्येक मजल्यावर जाऊन दारं तपासून सही करायची होती. मी माझ्याच मजल्यावरून रोज येत-जात होते. दार पांढरं होतं, नवं होतं, बंद होत होतं. मी ऑफिसात बसूनच सगळ्या पानांवर सही केली.

त्याच दिवसांत खाली स्किपमध्ये जुन्या दारांचा ढीग पडला आणि कोजोकाकांची दिवाळी झाली. त्यांनी अकरा दारं वर आणली. प्रत्येक दाराला दोनदा टेकून दम घ्यावा लागला, असं सांगत होते. मग म्हणाले, "पण नवी दारं बसवणारा पोरगा काखेत दोन-दोन घेऊन चालला होता." मी म्हटलं, "हल्ली मटेरियल हलकं निघालंय." त्यांनी माझ्या नव्या दारावर दोनदा वाजवलं, मान तिरपी केली, आणि तसेच घरी गेले. मला त्यांचं ते ऐकणं आवडलं नाही.

सप्टेंबरात त्यांनी डोरीनसाठी एक काम केलं. तिचा नवरा फ्रँक बसचा ड्रायव्हर होता, जाऊन सहा वर्षं झाली होती. डोरीनचं जे जुनं दार होतं त्याच्याच आतल्या बाजूवर कोजोकाकांनी फ्रँक रंगवला, युनिफॉर्ममध्ये, नुकताच घरी आल्यासारखा. मग नवं दार काढून ते जुनं पुन्हा तिच्या चौकटीत बसवलं. डोरीन रोज सकाळी त्याला "मॉर्निंग, फ्रँक," म्हणायची. सासूबाई ते बघून आल्या आणि डोळे पुसत होत्या. कोजोकाकांनी मग सासूबाईंचंही चित्र करू का म्हणून विचारलं, तर त्या चटकन म्हणाल्या, "नको रे बाबा. माझं चित्र भिंतीवर लागेल ते हार घालूनच. इतक्यात कशाला?" मी भाषांतर केल्यावर ते हसले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले. "मग तुम्ही उभ्या राहा, सिस्टर मेधा. तुम्ही घरातसुद्धा पेन घेऊन फिरता."

तर ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी मी त्यांच्या हॉलमध्ये हातात पेन धरून उभी होते. हात जवळजवळ झाले होते. मध्येच ते उठले आणि म्हणाले, "एक गंमत दाखवतो." टबात एका पांढऱ्या दाराचे करवतीने केलेले दोन तुकडे होते. ब्लेसिंगचं नवं दार वाकलं म्हणून कंत्राटदाराने बदलून दिलं होतं. त्याने फेकलेलं ते यांनी वर आणलं होतं. "एका हाताने आणलं. चुंबळसुद्धा लागली नाही." मी वाकून बघितलं. दोन्हीकडे पातळ फळी आणि मध्ये पुठ्ठ्याची जाळी, बिस्किटांच्या खोक्यात असते तशी.

"मी सगळ्या बिल्डिंगची दारं वाजवून बघितली," ते म्हणाले. "तिसऱ्या मजल्यापर्यंत ठीक आहेत. आपल्यापासून वर, कुणाच्या पोटात काही नाही. तीनदा लिहिलं मी कंपनीला. काय उत्तर येतं माहीत आहे? 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.'"

ते वाक्य मीच लिहून ठेवलं होतं. कुठल्याही तक्रारीला जोडता यावं म्हणून.

आम्ही परत हॉलमध्ये आलो. मी पेन धरलं. त्यांनी ब्रश उचलला, माझ्या हाताकडे बघितलं आणि ब्रश खाली ठेवला. "हात बदलला," म्हणाले. मग मी सांगितलं. सही, फोटो, सगळं. सांगताना मला रडू आलं, आणि त्याचीच लाज वाटली.

"ऑफिसात सांगितलंत?"

"नाही. माझा व्हिसा ह्या नोकरीला बांधलेला आहे, काका. निखिलचा माझ्यावर. अजून सात महिन्यांनी आम्हाला कायमचं राहायची परवानगी मिळेल. मग सांगते. नक्की सांगते."

"सात महिने," ते स्वतःशीच म्हणाले. "कागदांचं मला कळतं. मी अकरा वर्षं थांबलो होतो." मला वाटलं, सुटले. पण ते पुढे म्हणाले, "आग कुणाची तारीख बघत नाही, सिस्टर मेधा. हात झाले आहेत. चेहरा तुम्ही सांगून आलात की करू." आणि त्यांनी माझं दार तोंड भिंतीकडे करून ठेवून दिलं.

त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन धुराच्या दोन जादा घंट्या आणल्या आणि आमच्या घरात लावल्या. एक सासूबाईंच्या खोलीत. शेजारच्या एकाही घरासाठी आणली नाही.

नोव्हेंबरात तपासणीला गेलेल्या कुणीतरी डोरीनच्या दाराचा फोटो काढून आणला. मॅनेजर म्हणाला, "हे नियमबाह्य आहे, लेटर ड्राफ्ट कर." मी केलं. चौदा दिवसांत दार काढा, नाहीतर कारवाई. आमच्या मजल्यावर धड असलेलं ते एकच दार होतं, हे मला माहीत होतं. पण पत्र लिहीत नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. सोबत एक पिवळी सूचनाही पाठवली, ती बिल्डिंगभर आधीच लागलेली होती. बाहेर आग लागल्यास घरातच थांबा, आपलं दार बंद ठेवा, ते आपलं रक्षण करील. खाली माझ्या टीमचं नाव.

डोरीन घर जाईल ह्या भीतीने हादरली. कोजोकाकांनीच ते दार उतरवलं. मी ऑफिसातून येत होते आणि लिफ्टचं दार उघडल्याबरोबर समोर तेच दिसलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फ्रँक आडवा, आणि शेजारून डोरीन, फ्रँकच्या रंगवलेल्या हातावर आपला हात ठेवून चालत होती. मी भिंतीला लागून वाट दिली. दोघांनीही मला 'हॅलो' म्हटलं. त्यानंतर ती रोज सकाळी नवऱ्याबरोबर चहा प्यायला कोजोकाकांकडे जाऊ लागली, आणि तिच्या चौकटीत पुन्हा पांढरं दार आलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका गुरुवारी दुपारी साडेतीनला, बाहेर अंधारायला लागलं होतं तेव्हा, आमच्याच मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये चार्जिंगला लावलेल्या सायकलच्या बॅटरीने पेट घेतला. घरात कुणी नव्हतं. मी ऑफिसात होते. पुढचं मला ब्लेसिंगने सांगितलं. ती "अगोऽ" ह्या आवाजाने जागी झाली. कोजोकाका दारादारावर मुठी आपटत ओरडत होते. आमचं दार त्यांच्या लगतचं, म्हणून आमचं पहिलं. सासूबाई "अमे" म्हणाल्या आणि त्यांनी त्यांना हाताला धरून जिन्यातून दोन मजले खाली नेऊन सोडलं. परत वर आले, ब्लेसिंगला काढलं. मग टोकाला डोरीन. तोवर त्या रिकाम्या फ्लॅटचं दार कागदासारखं गेलं होतं आणि मजल्यावर काळा धूर भरला होता. ब्लेसिंग जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. कोजोकाकांनी हाक दिली. आतून डोरीनचा आवाज आला, तसाच खणखणीत:

"अमे, लव्ह! पण मी आतच थांबते. कागदावर तसंच लिहिलंय."

त्यांनी दारावर लाथा घातल्या. साखळी लावलेली होती, आणि गेलेल्या गुडघ्यांत दार फोडायचा जोर नव्हता. धुराने ते खाली बसले ते तिथेच, आणि आगीच्या बंबाच्या माणसांनी त्यांना ओढत बाहेर आणलं. डोरीनला आणलं ते नंतर.

मी ट्राममधून उतरून धावत पोचले तेव्हा सासूबाई कुणाच्यातरी ब्लँकेटमध्ये फुटपाथवर बसलेल्या होत्या. त्या माझा हात सोडेनात. "त्याने मला आधी नेलं गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पलीकडे कोजोकाका होते, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांच्या दोन्ही हातांच्या पेरांची सालं निघाली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी चौकशीवाल्यांना सगळं लिहून दिलं, सही, फोटो, नोंद घेतल्याचं वाक्य, डोरीनचं पत्र. पुढे रहिवाशांच्या बैठकीत ते मोठ्याने वाचलं गेलं. कोजोकाका मागच्या रांगेत खोकत बसले होते. सहीचं आलं तेव्हा ते खालीच बघत होते; ते त्यांना माहीत होतं. पत्राचं आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. ते पत्र माझं, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. लोक मला नंतर म्हणाले, हिंमत केलीस. तो शब्द कुणी काढला की मी अजूनही विषय बदलते. नोकरी गेली. पण रस्त्यावर काही आलो नाही. निखिलला ब्रॅकनेलला काम मिळालं, व्हिसा त्याच्यावर निघाला, सगळं पाच-सहा आठवड्यांत मार्गी लागलं. ज्या भीतीपायी मी गप्प बसले होते ती एवढीच होती.

आम्ही इथे तळमजल्याचं घर घेतलं. मार्चमध्ये ब्लेसिंगचा फोन आला की कोजोकाका कायमचे कुमासीला चालले आहेत, छातीला इथली थंडी सोसवत नाही. त्यांचा फ्लॅट काळा झाला होता, पण जुनी जड दारं बहुतेक वाचली होती. ती ते ज्याची त्याला देत सुटले होते. फ्रँकचं कोणाला दिलं ते तिला माहीत नव्हतं, मीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी घरात एकटी होते आणि पुढच्या दारावर दोनदा वाजलं. आमच्याकडे पार्सलवाला येतो तो घंटा वाजवतो. मी ओळखलं. बाहेर कुणीतरी मान तिरपी करून माझं दार ऐकत होतं. मग बसक्या, चिरकलेल्या आवाजात हाक आली, "अगोऽ."

मी दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला. दोन अक्षरं म्हणायची होती. पण ती त्यांना शेवटची कुणी म्हटली होती ते मला माहीत होतं, आणि माझ्या तोंडून ती निघेनात. दाराच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला ते खोकत उभे. त्यांनी दुसऱ्यांदा हाक दिली नाही. जरा वेळाने काहीतरी जड भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला आणि पावलं निघून गेली.

मी दार उघडलं तेव्हा बाहेर हे दार उभं होतं, हात झालेले, चेहरा लाल. कोजोकाका चुंबळ खांद्यावर टाकून आमच्या रांगेतल्या घरांवरून पलीकडे थांबलेल्या व्हॅनकडे चालले होते. चालता चालता प्रत्येक घराच्या दारावर पेराने दोनदा वाजवत होते, मान तिरपी करून ऐकत होते आणि पुढे जात होते. शेवटच्या दारापाशी ते थांबले. पुन्हा वाजवलं, आणि कान अगदी दाराला लावला.

मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "अमे." पण त्यांचा कान तेव्हा त्या दाराला लागलेला होता.